बिल्ला बैलाच्या कानात, नंबर धन्याच्या गळ्यात
(सोलापूर जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



गावोगाव एक प्रश्न कानावर येतो आहे. 'उद्या सरकार माणसाच्या कातडीखाली चिप बसवणार म्हणे, खरे का?' करोनाच्या काळात हीच आवई उठली होती. लसीतून चिप घालतात, असे सांगितले जात होते आणि त्या भीतीने काहींनी लसच घेतली नाही. ती आवई साफ खोटी होती. तेव्हा आज आधी खरे-खोटे वेगळे करू. पाखडल्याशिवाय आपण ज्वारी पोत्यात भरत नाही.

चिप नावाची वस्तू खरी आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, काचेच्या नळीत बंद केलेली. तिच्यात बॅटरी नसते. वाचणारे यंत्र अगदी जवळ आणले, की त्या यंत्राच्या लहरींवर ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. तुम्ही कोणत्या बांधावर उभे आहात, हे तिला कळत नाही. परदेशात पाळीव कुत्र्या-मांजरांना ती सर्रास बसवतात. माणसाच्या दंडात बसवायच्या अशा चिपला अमेरिकेत २००४ साली परवानगी मिळाली. धंदा चालला नाही आणि २०१० साली तिची विक्री थांबली. स्वीडनमध्ये काही हजार लोकांनी ती हौसेने हातात बसवून घेतली. ऑफिसचे दार उघडायला, रेल्वेचे तिकीट दाखवायला. त्याच अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २००६ साली कायदा केला, की कुणालाही सक्तीने चिप बसवता येणार नाही. आजवर कोणत्याही देशाने आपल्या सगळ्या नागरिकांवर चिपची सक्ती केलेली नाही. आपल्याही सरकारने नाही.

मग ही चर्चा कशाला? पेरणी, पाणी, भाव हे प्रश्न सोडून?

कारण चिप कातडीच्या आत गेली नसली, तरी तिचे काम कातडीच्या बाहेर सुरू झाले आहे. ते आपल्या गोठ्यापासून सुरू झाले.

बैलाच्या कानातला पिवळा बिल्ला बघा. त्यावर बारा आकडी नंबर आहे. बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येणार नाही, असा नियम राज्याने १ जून २०२४ पासून लावला. सांगोल्याच्या बाजारात खिल्लार खोंड उतरवायचा, तर आधी त्याच्या कानात नंबर हवा.

बिल्ल्याचा मूळ उद्देश वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. कोणत्या जनावराला लस कधी दिली, हे कळायला खूण लागतेच. २०२२ साली लम्पीने दावणीची जनावरे डोळ्यांदेखत गेली, ते आपण विसरलेलो नाही. पण दुसरी बाजूही पाहा. एप्रिल २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टापुढे गाई-गुरांना असाच नंबर देण्याची शिफारस ठेवली, ती बांगलादेशच्या सीमेवरची तस्करी रोखण्यासाठी. खूण एकच, कामे दोन. एक डॉक्टरचे, दुसरे पोलिसाचे. २०१५ सालापासून महाराष्ट्रात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. थकलेल्या बैलाला बाजारात किंमत उरलेली नाही. उद्या कुणी दारात येऊन विचारले, 'अमुक नंबरचा बैल कुठे गेला?' तर उत्तर धन्याने द्यायचे. आज कुणी विचारत नसेल. पण विचारण्याची सोय झालेली आहे.

यातून पहिला धडा घ्या. खूण करताना सांगितलेले काम एक असते. खूण झाल्यावर तिच्याकडून कोणते काम करून घेतले जाईल, हे खूण करणारा ठरवतो, खूण अंगावर वागवणारा नाही.

आता माणसाकडे येऊ. पहिले आधार कार्ड दिले गेले ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तेव्हा ते ऐच्छिक म्हणून सांगितले होते. पुढे गॅस, रेशन, बँक, फोन, एकेक दार त्या नंबराला जोडले गेले. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी सुप्रीम कोर्टात गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी आधारचा कायदा टिकवला. सरकारी लाभासाठी आधार मागता येईल, पण बँकेचे खाते आणि फोन यांना त्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले. पाचवे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. म्हणजे नंबराबद्दल शंका घेणारा अडाणी असतो, असे कुणी म्हटले तर त्याला हे निकाल दाखवा.

आणि आता शेतकऱ्याचा वेगळा नंबर. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याला आधार जोडलेले, सातबारा जोडलेला. हमीभावाने कापूस घालायचा, तर २०२५ च्या हंगामापासून कापूस महामंडळाच्या 'कपास किसान' अ‍ॅपवर आधी नोंद पाहिजे. त्या नोंदीला आधार पाहिजे, जमिनीचा उतारा पाहिजे आणि त्यावर कापसाचा पेरा दिसला पाहिजे. तो दिसण्यासाठी रानात उभे राहून फोनवर ई-पीक पाहणी केलेली पाहिजे.

या साखळीत कोण गळतो, ते मोजा.

वाट्याने जमीन करणारा गळतो. घाम त्याचा, उतारा दुसऱ्याचा. नंबर उताऱ्याला चिकटतो, घामाला चिकटत नाही.

जिच्या हातांनी सगळा कापूस वेचला, ती बाई गळते. तिचे नाव सातबाऱ्यावर नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला आणि हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. ज्या घरांनी तेव्हा ते केले, त्या घरातल्या बाईला आज स्वतःचा नंबर मिळतो. ज्यांनी केले नाही, त्यांनी यंत्राला दोष देण्याआधी आपल्या घरात बघावे.

ज्याच्या बोटाच्या रेषा खुरप्याने आणि दोराने झिजल्या, तो म्हातारा गळतो. रेशनच्या दुकानात यंत्र त्याचा अंगठा ओळखत नाही. गाव त्याला ओळखतो, यंत्र ओळखत नाही, आणि खरे कोणाचे मानायचे, तर यंत्राचे!

आणि पुरात ज्याचे घर गेले, तो गळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळकडची गावे पाण्याखाली गेली. कागद भिजले, फोन वाहून गेले. अशा वेळी माणसाने चिखलात उभे राहून आपण आपणच आहोत, हे कशाने सिद्ध करायचे?

कुणी म्हणेल, 'बघा, म्हणूनच चिप बरी. वाहून जात नाही, हरवत नाही, झिजत नाही.' हा युक्तिवाद उद्या तुमच्यापुढे येईल, म्हणून त्याचे उत्तर आजच तयार ठेवा.

उत्तर सोलापूर शहरातच आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला. सोलापुरात या लोकांची सेटलमेंट होती. कैकाडी, पारधी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात ठेवली होती. ठरल्या वेळी हजेरी, बाहेरगावी जायचे तर पास. कुणी काय केले, हे कुणी पाहत नव्हते. जन्म कुठे झाला एवढे पुरत होते. हा कायदा देशभरातून जायला १९५२ साल उजाडावे लागले. कागद फाटला, तार तुटली, पण शिक्का अजून त्या पोरांच्या मागे आहे. कागदावरची नोंद पुसायला एवढी वर्षे लागली, तर मांसात घातलेली खूण कोण पुसणार?

दुसरे उदाहरण गांधीजींचे. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांना बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यायची सक्ती झाली. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत लोकांनी ती न मानण्याची शपथ घेतली. पुढे १९०८ च्या जानेवारीत गांधीजींनी तडजोड केली. सक्ती काढा, आम्ही आपण होऊन नोंद करतो, असे सांगितले. लोकांनी ठसे दिले. सरकारने कायदा मागे घेतला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी दोन हजारांवर परवाने कढईत टाकून जाळले. बोटे तीच, शाई तीच. आपण होऊन दिले तर ती ओळख, दंडुक्याने घेतले तर तो डाग.

म्हणून कोणतीही ओळख स्वीकारताना तीन प्रश्न विचारा. ती काढून ठेवता येते का? ती नसली तर काय अडते? ती चुकली तर दुरुस्त कोण करतो? कार्ड पेटीत ठेवता येते. चिप न्हाणीत, रानात, देवळात, मयतीला तुमच्याबरोबर येते. सातबाऱ्यावरची चूक काढायला तलाठ्याकडे चकरा मारून जोडे झिजतात. अंगातली चूक काढायला डॉक्टरची सुरी लागेल. कुलूप बिघडले तर बदलता येते, अंगठा बदलता येत नाही.

नंबराचा फायदा झालाच नाही, असे म्हणणे खोटे होईल. पैसे थेट खात्यात येतात, मधला दलाल काही ठिकाणी गळला, हे खरे आहे. पण मूळ रोग वेगळा आहे. १९७२ पासून एकाधिकार खरेदीत आपला कापूस सरकारशिवाय कुणाला विकायची बंदी होती. सीमेवर गाड्या अडवल्या जात. आता बंदी नाही, पण भाव पडलेला, म्हणून हमीभावाच्या दारात रांग लागते आणि रांगेत अंगठा मागितला जातो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला. त्याच २०२५ साली ऑगस्टपासून डिसेंबरअखेर कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क सरकारने काढून टाकले. परदेशी गाठ बिनशुल्क आली, तिला कुणी ई-पीक पाहणी विचारली नाही. नंबर फक्त माळरानावरच्या बोंडाला! 'भीक नको, हवे घामाचे दाम' हे आपण चाळीस वर्षे म्हणतो, त्याचा अर्थ इथेही तोच. रास्त दाम बाजारात मिळाला, तर व्यापारी कापसाची ओल बघेल, आपला अंगठा बघणार नाही.

तेव्हा या बैठकीपुढे मी ठराव मांडतो.

एक, माणसाच्या शरीरात कोणतीही खूण सक्तीने घालणार नाही, असा कायदा सरकारने आताच करावा.

दोन, नंबर नाही म्हणून कुणाचे रेशन, नुकसानभरपाई किंवा कापूस परत पाठवू नये. ग्रामसभेने ओळख दिली की ती चालली पाहिजे.

तीन, नोंदीतली चूक गावातच, ठरल्या मुदतीत दुरुस्त व्हावी आणि तोवर लाभ थांबू नये.

चार, वाटेकरी आणि शेतात राबणारी बाई यांना शेतकरी म्हणून नोंद मिळावी.

पाच, माझी नोंद कोणत्या खात्याने, कधी, कशासाठी पाहिली, हे मला दिसले पाहिजे. सरकार आमचे दप्तर बघते, आम्हीही सरकारचे बघू.

ठराव हात वर करून होईल, पण काम त्यानंतरचे. प्रत्येक गावाने यादी करावी. नंबर मिळाला नाही तो कोण, अंगठा लागला नाही तो कोण, नंबर असून पैसे आले नाहीत तो कोण. नाव, गट नंबर, तारीख. पुढच्या महिन्यात या याद्या घेऊन तहसीलवर जाऊ. सरकारने आपल्याला मोजले आहे. आता सरकारच्या यंत्राने किती माणसे गाळली, ते आपण मोजू.

जय किसान.