कॅमेरा घ्यावा केव्हा आणि कुठे?



लग्नाचे फोटो काढून चार पैसे मिळवावेत, म्हणून गावातला एखादा होतकरू तरुण कॅमेरा घ्यायला निघतो. शाळेसाठी वर्गणी जमवून गुरुजीही निघतात. पैसा घामाचा, तेव्हा घाई नको.

आधी वेळ पाहा. दसरा-दिवाळीला दुकानदार सूट देतात. पुढे तुळशीचे लग्न लागले, की लग्नसराई सुरू. म्हणजे कॅमेरा लगेच कामाला लागतो. दुसरी वेळ नवे मॉडेल निघते ती. मागचे मॉडेल काही एका दिवसात वाईट होत नाही, पण त्याची किंमत उतरते. तेच घ्यावे, अन् वाचलेले पैसे चांगल्या लेन्सवर घालावेत.

आता ठिकाण. जिल्ह्याच्या गावी भाव विचारा, ऑनलाइन भाव पाहा, मुंबईला गेलात तर फोर्टातली दोन-चार दुकाने हिंडा. कोणी हळूच म्हणेल, "बिल नको असेल तर स्वस्तात देतो." तिथून सरळ उठावे! जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. छापील किमतीत तो धरलेलाच असतो. तो चुकवून आलेल्या मालाला कंपनीची इथली हमी बहुधा मिळत नाही. चार महिन्यांत बिघडला, तर जाणार कुणाकडे?

म्हणून बिलावरचा नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबराशी जुळवा, दुकानातच दोन फोटो काढून पाहा. फसगत झालीच, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगा. मात्र हातात बिल हवे. स्वस्त तेच, जे टिकते!