देवाचे नाव आणि सरकारी कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आजचा माझा विषय दिसायला दिल्लीचा, पण आहे तो आपल्या घरातला. शाळेचा अर्ज, साक्षीदाराची शपथ, सरकारी समारंभ, या ठिकाणी देवाधर्माचे नाव असावे की नसावे? आपल्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही. उत्तन-डोंगरीला चर्च आहे, भाईंदरला जैन मंदिरे आहेत, मीरा रोडला नयानगरात मशिदी आहेत, आणि गणपती तर गल्लोगल्ली बसतो. या सर्वांचे सरकार मात्र एकच आहे.

घटना समितीपुढे हा प्रश्न १७ ऑक्टोबर १९४९ रोजी आला. घटनेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी सूचना ह. वि. कामत यांनी मांडली. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी हरकत घेतली: ज्या उद्देशिकेत श्रद्धेचे स्वातंत्र्य द्यायचे, तिच्यातच एक श्रद्धा सर्वांवर कशी लादायची? पूर्णिमा बॅनर्जी या अरुणा असफअली यांच्या भगिनी. देवावर मत देण्याच्या संकटात आम्हाला घालू नका, अशी विनंती त्यांनी कामतांना केली. तरीही मते घेतली गेली. बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरुद्ध मत देणारे सगळेच नास्तिक होते असे कोणी समजू नये. त्यांत देवभक्तही होते. देव बहुमताने ठरवायचा नसतो, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

पण त्याच घटनेने श्रद्धावंताला दूर लोटले नाही. मंत्री किंवा आमदार शपथ घेतात तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा असतात: ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे. दोहोंचे वजन सारखेच. ही मुभा इंग्लंडात सहजासहजी मिळाली नव्हती. चार्ल्स ब्रॅडलॉ हे निरीश्वरवादी गृहस्थ १८८० मध्ये निवडून आले, पण शपथेच्या वादापायी पार्लमेंटात रीतसर बसायला त्यांना १८८६ उजाडले. पुढे १८८८ मध्ये त्यांच्याच खटपटीने तिकडे कायदा झाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये राष्ट्रसभेच्या मुंबईच्या अधिवेशनास आले होते.

आता कोर्टाचे पाहू. सिनेमात साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, म्हणून पुष्कळ बायकांना साक्ष देण्याचीच धास्ती वाटते. १९६९ च्या शपथ कायद्यात ग्रंथावर हात ठेवण्याची सक्ती नाही. तेथेही ईश्वराची शपथ किंवा साधी प्रतिज्ञा चालते. बारा वर्षांखालील मुलाला खरे बोलण्याचे कर्तव्य कळते, पण शपथेचा अर्थ कळत नाही, असे कोर्टाला वाटले तर त्याची साक्ष शपथेवाचूनही घेता येते.

राहिला अर्जातला धर्माचा रकाना. तिघा नागरिकांनी आपण कोणत्याच धर्माचे नाही अशी नोंद राजपत्रात मागितली. सरकारी मुद्रणालयाने ती नाकारली. २०१४ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, कोणत्याही अर्जात धर्म सांगण्याची सक्ती सरकारला करता येणार नाही. पंचविसाव्या कलमातील सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात धर्म न मानण्याचेही स्वातंत्र्य येते. आईचा धर्म एक, बापाचा दुसरा, अशा घरातल्या मुलासाठी हा निकाल केवढा आधार आहे, ते अशा आईलाच विचारावे!

मात्र एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवा. अनुसूचित जातीचा दाखला १९५० च्या आदेशानुसार धर्माशी जोडलेला आहे. त्यात पुढे शीख आणि बौद्ध यांचा समावेश झाला. म्हणून ज्या घराला अशा सवलतींचा हक्क आहे त्याने विचारपूस केल्यावाचून रकाना कोरा सोडू नये.

कोणी म्हणेल, मग आपण मंडळात समई लावतो ती काय बंद करायची? मुळीच नाही. मंडळ आपले आहे, सभासद स्वखुशीने येतात. येथे हळदीकुंकूही होईल आणि नाताळचा केकही वाटला जाईल. सरकारी कचेरीत मात्र माणूस खुशीने जात नाही, गरजेने जातो. तेथल्या कागदापुढे आणि समारंभात उत्तनची कोळीण, नयानगरची शिक्षिका आणि देव न मानणारी शेजारीण यांपैकी कोणालाही आपण परक्या आहोत असे वाटता कामा नये. देवघर आपल्या घरी असावे, आणि कचेरीत सर्वांना सारखी जागा असावी. यात देवाचाही मान राहतो आणि माणसाचाही.