स्वादुपिंडाचा कर्करोग : वय विचारावे कशासाठी?

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे नाव आपल्याकडे अनेक घरांत पोहोचले ते गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणामुळे. फेब्रुवारी 2018 मध्ये आजार समोर आला तेव्हा ते 62 वर्षांचे होते. अमेरिकेत हा रोग बहुतेकांना सत्तरीच्या आसपास सापडतो. त्या मानाने वय कमी. मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली इथे उपचार झाले, उणे काही राहिले नाही. तरीही 17 मार्च 2019 ला, जेमतेम तेरा महिन्यांत, ते गेले. एका माणसावरून नियम बांधता येत नाही हे खरे, पण कमी वय म्हणजे कवच ही समजूत सोडून द्यायला एवढे उदाहरण पुरते. मग वयाचा आणि जगण्याचा काही संबंध आहे की नाही? संबंध आहे, मात्र आपण समजतो तो नव्हे.

अमेरिकेतील नोंदींप्रमाणे या कर्करोगानंतर पाच वर्षे जगणारे शंभरात सुमारे 13. गाठ स्वादुपिंडापुरतीच असताना सापडली तर हा आकडा 44 च्या घरात जातो, दूरच्या अवयवांत पसरल्यावर 3 पर्यंत उतरतो. इतका मोठा फरक निव्वळ वयाने पडत नाही. पन्नाशीच्या आतले रुग्ण सरासरीने थोडे अधिक जगतात हे खरेच. पण अनेक अभ्यासांत असेही दिसले की त्यांचा रोग निदानाच्या वेळी जास्त पसरलेला असतो. रोग पुढे गेलेला आणि आयुष्य मात्र किंचित जास्त, हे कोडे सुटते ते उपचारांकडे पाहिल्यावर. तरुणाला शस्त्रक्रिया, केमोथेरपी पूर्ण मिळते. वृद्धाला ती कमी मिळते, कधी सुचवलीच जात नाही. 2011 मध्ये फ्रान्समधील एका मोठ्या चाचणीत चार औषधांच्या एकत्रित केमोने मध्यम आयुर्मान 6.8 महिन्यांवरून 11.1 महिन्यांवर गेले. त्या चाचणीत 75 च्या पुढच्यांना प्रवेशच नव्हता. ज्यांना आजमावलेच नाही, त्यांना हे औषध झेपत नाही असे ठामपणे सांगायचे कशाच्या आधारावर?

यावर डॉक्टर मंडळी आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. स्वादुपिंडाच्या डोक्याकडील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया पोटातल्या सर्वांत अवघड शस्त्रक्रियांपैकी एक. ऐंशीच्या माणसाला तिचा धोका जास्तच. पण हा धोका येतो हृदय, मूत्रपिंड, खालावलेले वजन यांतून, जन्मतारखेतून नव्हे. रोज शेतावर जाणारे पंचाहत्तरीचे आजोबा आणि मधुमेहाने खंगलेला पंचावन्नचा गृहस्थ यांच्यात शस्त्रक्रिया कोणाला झेपेल, हे तपासूनच ठरवावे लागते. दुसरा आक्षेप असा की तरुणांतला रोगच वेगळा असतो. काही अंशी हेही खरे. ‘ॲपल’चे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स निदानानंतर आठ वर्षे जगले ते संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या, संथ वाढणाऱ्या गाठीमुळे. तिची तुलना नेहमीच्या प्रकाराशी करूच नये. त्या गाठी बाजूला काढल्या की तरुणांची आघाडी आणखी आखडते.

वय खरोखर उपयोगी पडते ते निदानाच्या आधी, संशय घेण्यासाठी, आणि नेमके तिथेच आपण ते विसरतो. पुणे जिल्ह्यातल्या आपल्या आंबेगाव-जुन्नर भागात कावीळ झाली की अजूनही कित्येक घरांत पहिला विचार झाडपाल्याच्या औषधाचा होतो. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय औषधाला जाते. पन्नाशीनंतर ताप नसताना डोळे पिवळे होणे, अंगाला खाज, पांढुरकी शौच, घटते वजन ही लक्षणे मात्र वेगळी कावीळ सांगतात: गाठ पित्तनलिका दाबत असू शकते. पुष्कळदा गाठ काढण्याजोगी असताना मिळालेली ही एकमेव सूचना असते, आणि पथ्यपाण्यात गेलेले पाच-सहा आठवडे पुन्हा मिळत नाहीत. पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला मधुमेह, सोबत वजन उतरणे, हीही तशीच खूण. अशा प्रत्येकाला कर्करोग असतो असे मुळीच नाही, शंभरात एखाद्यालाच निघतो. पण वजन झपाट्याने घटत असेल तर केवळ साखरेच्या गोळीवर थांबू नये. सोनोग्राफीत आतड्यांतल्या वायूमुळे स्वादुपिंड कधीकधी दिसतच नाही, म्हणून ती स्वच्छ आली तरी लक्षणे टिकली तर सीटी स्कॅन मागावा. आणि चाळिशीतल्या माणसाची पाठीत जाणारी पोटदुखी महिनोन्‌महिने ‘पित्त’ म्हणून काढली जाते, तेव्हा त्याचे कमी वयच त्याच्या आड येते.

शेवटचा प्रश्न खर्चाचा. ‘वय झाले, आता कशाला?’ असे घरात बोलले जाते तेव्हा त्यामागे निर्दयपणा नसतो. जमीन गहाण पडण्याची भीती असते, आणि म्हाताऱ्या माणसाला आणखी त्रास नको ही मायाही असते. म्हणून शस्त्रक्रिया नाकारणे हा पूर्ण समजून घेतलेला निर्णय असू शकतो. परंतु शस्त्रक्रिया नाही म्हणजे उपचार नाहीत, असा अर्थ कोणी काढू नये. दुर्बिणीतून पित्तनलिकेत नळी बसवली की खाज आणि कावीळ उतरते, मज्जातंतूंजवळ इंजेक्शन देऊन पाठीची कळ कमी करता येते, पाचकरसांच्या गोळ्यांनी अन्न अंगी लागते, आणि मॉर्फिनने झोप मिळते. यांतले काहीही ऐंशीच्या माणसाला वयाच्या कारणाने नाकारण्याजोगे नाही.