अर्थशास्त्री बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं. अर्थशास्त्री बाबासाहेब मागे राहतात. १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही. शेतीवरचा माणसांचा भार हलका करा, उद्योग वाढवा, हे त्याचं सार. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना कामाचे तास, वीज, पाणी यांत त्यांनी लक्ष घातलं. पुढे ते कायदामंत्री झाले; हिंदू कोड बिल रखडलं, तेव्हा १९५१ साली पद सोडलं.

आमच्या जळगाव जामोदकडे वाटण्या होत गेल्या, धुरे वाढले; जमीन तेवढीच राहिली. जयंतीला हार घालताना, शिकून घरी बसलेल्या पोराच्या हाताला काम कुठं, हेही विचारू या.