रोजच्या गाडीला टर्बो कोणता?



आपल्या कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी बनायची. 1089 सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, टर्बोचं नावही नाही. आज 1 लिटरचं टर्बो इंजिन तिच्या दुपटीहून जास्त ताकद देतं. म्हणून अनेकजण विचारतात, ‘जुन्या हॅचबॅकला बाहेरून टर्बो बसवू का?’

नका बसवू. साध्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो मुळातच जास्त असतो. त्यात दाबून हवा भरली की नॉकिंग होतं आणि पिस्टन जातात. शिवाय मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, ते वेगळंच.

हवाच असेल तर कंपनीतूनच टर्बो लावून आलेली गाडी घ्या, आणि टर्बो लहान असू द्या. लहान टर्बो कमी आरपीएमलाच जागा होतो. टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या हायवेवर नको, संध्याकाळी सातला एलबीएस मार्गावर घ्या.

टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर. म्हणून सांगितलेल्याच ग्रेडचं तेल घाला आणि वेळेवर बदला. घाट चढून थांबलात तर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू राहू द्या.

घरची माणसं ज्या गाडीच्या भरवशावर निघतात, तिच्यात वेगाआधी भरवसा बघावा.