रस्ता सुधारला, पण कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



जुन्या शहरांतले रस्ते सुधारण्याच्या योजना सगळीकडे निघताहेत. प्रत्येकीत 'लोकसहभाग' हा शब्द असतोच. हे लोक म्हणजे कोण, एवढंच आज विचारायचं आहे.

दिल्लीचा चांदणी चौक घ्या. १६५० च्या सुमारास हा बाजार वसवला एका स्त्रीने, शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने. २०२१ साली लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी, सायकलरिक्षांना मुभा, चालायला रुंद जागा. बांधकाम खातं, महापालिका, पोलीस, पुनर्विकास महामंडळ एकत्र आल्याशिवाय हे झालं नसतं. कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन चालणाऱ्या बाईला याचं मोल सांगायला नको.

पण त्याच वर्षी तिथल्या फेरीवाल्यांना हटवण्याचे आदेश उच्च न्यायालयाने दिले, कारण तो भाग फेरीबंदीचा ठरलेला होता. चालणाऱ्यांना रस्ता मिळाला, रस्त्यावर पोट असणाऱ्यांचा गेला.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. एक दिवस मोटारी थांबतात. उद्या हे कायमचं झालं, तर भाजीची पाटी, गजऱ्यांची टोपली कुठे असेल? नकाशावर तिची जागा आधी आखली नाही, तर नंतर ती 'अतिक्रमण' ठरते.

कायदा आपल्या हाताशी आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. पाहणी पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. पन्नास वर्षांहून जुना पथबाजार हा वारसा बाजार मानावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही कायदा म्हणतो. म्हणजे वारसा फक्त वाड्यांच्या कमानींत नाही, टोपलीतही आहे.

तेव्हा आपल्या शहरात चार गोष्टी करू या. समितीत बायका खरोखर आहेत का, की नुसती सही करायला बोलावल्या जातात, ते पाहू. सभा संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी ठेवली तर वेळ बदलून मागू. आराखडा मराठीत आणि बाजारातच लावायला लावू. आणि त्यात स्त्रियांची स्वच्छतागृहं व दिवे कुठे आहेत, ते बोट ठेवून विचारू.

रस्त्याच्या फरश्या बसवण्याआधी बोललो, तर त्याला सहभाग म्हणतात. नंतर बोललो, तर ती तक्रार होते.