खटला चालवण्याची विद्या



तरुण वकिलांच्या या परिषदेसाठी आपण साताऱ्यात आलात. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. जवळच, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, रामशास्त्री प्रभुण्यांची माहुली आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्याची चौकशी करून खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरवण्याची हिंमत त्यांनी दाखवली. पुराव्याची चाड असणाऱ्या माणसाच्या या भूमीत आपण पुराव्याविषयीच बोलणार आहोत.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. आपल्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली, याचा आनंद आहेच. पण अपिलात वाचला जाणारा पुरावा इथल्याच कोर्टात नोंदवला जातो. इथे साक्षीदाराला विचारायचा राहून गेलेला प्रश्न तिथे कितीही चांगल्या युक्तिवादाने भरून निघत नाही. म्हणून खटला चालवता येणे हे आपल्या व्यवसायाचे मूळ आहे, आणि ते वर्गाबाहेरच शिकावे लागते.

महाविद्यालयांचे ऋण मी मानतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत विद्यार्थ्याने एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले पाहावेत, अशी तरतूद आहे. मात्र सरतपास एका तारखेला, उलटतपास पुढच्या, तर तपासी अंमलदाराची साक्ष कित्येक महिन्यांनी, असा खटला चालतो. एखादी तारीख पाहून त्याची वीण कळत नाही.

एकच उदाहरण देतो. साक्षीदार कोर्टात सांगतो, आरोपी रानात होता. पोलीस जबाबात मात्र लिहिले आहे, आरोपी घरी होता. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १४८ सगळ्यांना पाठ असते. पण प्रत्यक्षात जबाबातला नेमका तेवढाच मजकूर साक्षीदाराच्या नजरेस आणावा लागतो. 'असे मी सांगितले नाही' हे त्याचे उत्तर नोंदवून घ्यावे लागते आणि त्या मजकुराला 'पोर्शन मार्क अ' द्यावा लागतो. पुढे तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला, की 'हा मजकूर साक्षीदाराने सांगितला तसाच लिहिला का?' हे विचारून तो सिद्ध करावा लागतो. हा शेवटचा प्रश्न राहिला, तर एवढी मेहनत करूनही विरोधाभास पुराव्यात येत नाही. ही साखळी अंगवळणी पडायला ज्येष्ठांच्या मागे बसून तारखेमागून तारीख खटला पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट भाषेची. १९९८ पासून आपल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. आपण कायदा बहुधा इंग्रजीत शिकतो आणि साक्षीदार बोलतो बांधाच्या 'वरल्या अंगाची' भाषा. सातबारा, फेरफार, वहिवाट हे शब्द ज्याला ओळखीचे नाहीत, त्याचा प्रश्न साक्षीदाराला कळत नाही. पंचनामा हातात घेऊन जागेवर जा. कुठून काय दिसते, अंतर किती, उजेड कुठून येतो, हे स्वतः उभे राहून पाहा. निम्मा उलटतपास तिथेच सुचतो.

ज्येष्ठांना माझी हात जोडून विनंती आहे. सनदेपूर्वी वर्षभर उमेदवारी सक्तीची करणारा बार कौन्सिलचा नियम १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला. तेव्हापासून ज्युनियरला घडवणे आपल्या मनावर आहे. त्याला नुसत्या तारखा घ्यायला पाठवू नका. पंच असो वा शेजारी, एक साक्षीदार त्याच्या स्वाधीन करा. आदल्या संध्याकाळी त्याचे प्रश्न तपासा, दुसऱ्या दिवशी शेजारी बसा. त्याच्या पोटाचाही विचार करा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनियरला दरमहा शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली आहे. गावाकडच्या, पहिल्या पिढीतल्या मुला-मुलींनी या व्यवसायात टिकावे असे वाटत असेल, तर ती मनावर घ्यायला हवी.

विद्यार्थ्यांनो, निकाली खटल्याच्या साक्षी मिळवून वाचा. पुढचा प्रश्न आपण काय विचारला असता ते वहीत लिहा, मग मूळ प्रश्न पाहा. विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात जा. वकील परवडत नाही अशा आरोपीचा बचाव कसा उभा राहतो, ते तिथे दिसेल.

उद्या याच सभागृहात, नावे बदललेल्या एका निकाली खटल्याच्या कागदांवरून, आपण अभिरूप खटला चालवणार आहोत. तरुणांनी उलटतपास घ्यावा आणि ज्येष्ठांनी तिथल्या तिथे दुरुस्त करावा, एवढीच अपेक्षा आहे. तुरुंगातला आरोपी आणि न्यायासाठी वर्षानुवर्षे खेटे घालणारा फिर्यादी, दोघांचेही भवितव्य आपल्या तयारीवर अवलंबून असते. ही तयारी करून घेणे हे आपल्या वकील संघटनेचे पहिले काम असावे.